आत घोडेस्वार जाईल एवढं भुयार

महाराष्ट्रात एसटी न पोचलेलं गाव एकवेळ सापडेल, पण भुयार नसलेलं गाव सापडायचं नाही. गाभाऱ्याच्या मागे, पडक्या गढीच्या बुरुजाखाली, नाहीतर पाटलांच्या विहिरीतल्या कोनाड्यात एक काळं भोक असतंच, आणि ते कुठं जातं याबद्दल गावात दोन मतं नसतात. ते थेट गडावर जातं. गड आठ कोसांवर असो, मधे नदी असो, घाट असो, दुसऱ्या जिल्ह्याची हद्द असो, भुयाराला त्याचं काही नाही. त्याची रुंदीही ठरलेली. फूट, मीटर, हात असल्या क्षुल्लक मापात कुणी सांगत नाही. ‘आत घोडेस्वार जाईल एवढं’ हे भुयाराचं महाराष्ट्रभर चालणारं माप आहे. समोर दिसणाऱ्या भोकात मध्यम बांध्याचं मांजरही अडकेल, हे दाखवून दिलंत तर ‘पुढं मोठं होतं ते’ असं उत्तर मिळतं.

कुणी आत गेलं होतं का, असं विचारू नये. विचारलंच तर आजोबांच्या काळातले तिघं तयार असतात. ते बरेच आत गेले होते, पण कंदील विझला. आजवर महाराष्ट्रातल्या एकाही भुयारात एकही कंदील शेवटपर्यंत टिकलेला नाही. काही गावांत माणसांऐवजी बकरी सोडलेली असते आणि ती तिसऱ्या दिवशी गडावर निघते. त्या दिवशी गडावर बकरीची वाट पाहत कोण बसलं होतं, ती हीच बकरी हे कुणी ओळखलं, आणि तीन दिवस तिनं आत खाल्लं काय, हे विचारणारा माणूस त्या गावात पुन्हा चहाला बोलावला जात नाही. शेवटचं वाक्य सगळीकडे एकच: ‘आता सरकारनं बुजवलंय.’ ज्या खात्याला रस्त्यातला खड्डा बुजवायला तीन पावसाळे लागतात, त्याच खात्यानं भुयार मात्र एका रात्रीत बुजवलेलं असतं.

मुरूडला जंजिरा दाखवायला नेणारी मंडळी तर राजपुरीपर्यंतचं भुयार समुद्राच्या खालून नेतात. पुण्याचं भुयार त्या मानानं सोज्वळ. ते शनिवारवाड्यापासून पर्वतीपर्यंत जातं. एकदा जरा हिशोब मांडून बघा. अंतर तीनेक किलोमीटर धरू. घोडेस्वाराला वाकायला लागू नये म्हणून उंची अडीच मीटर, रुंदी दोन. म्हणजे पंधरा हजार घनमीटर माती आणि मुरूम. बांधकामावरच्या भाषेत पाच हजार ब्रासच्या वर. एवढा माल वर काढायचा, गाढवांवर लादायचा, कुठंतरी नेऊन टाकायचा, आणि हे सगळं गुपचूप. कुठं? पुण्यात! जिथं समोरच्या वाड्यात पाहुणा आला तर त्याच्या बोचक्यात काय आहे यावर अळीत तर्क लढवले जात, तिथं पाच हजार ब्रास मुरूम कुणाच्या नजरेस न पडता गेला म्हणे.

आता गंमत अशी, की पुण्याखाली भुयार खरंच आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला बांध घालून तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी बांधीव नळातून शहरात आणलं. वाटेत हवा खेळावी, दाब मोडावा, गाळ काढता यावा म्हणून ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले. हा नळ नुसता पाइप नव्हे, कित्येक ठिकाणी त्यातून माणूस चालत जाऊ शकतो. शहरातले हौद आणि वाड्यातली कारंजी त्या पाण्यावर चालत. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. २०१९ साली स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामात जमिनीखाली बांधीव भुयार लागलं, तेव्हा बघ्यांची गर्दी झाली. खजिना, पलायनमार्ग, पर्वती, सगळं एका सकाळीत बोलून झालं. मग जाणकार आले आणि म्हणाले, ही पाण्याची वाट आहे. गर्दी पांगली. अडीचशे वर्षांपूर्वी एवढ्या लांबून उतारानं पाणी आणणं हे घोड्यावरून पळून जाण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे; पण उत्तरात नळ निघाला की लोकांचा हिरमोड होतो. भुयाराकडून कुणाला उत्तर नकोच असतं. भुयार नुसतं ‘जायला’ हवं असतं.

माणूस हरवला की मात्र उत्तर लागतं, आणि ते किती दिवसांत मिळेल हे तो कुठं हरवला यावर असतं. ३ डिसेंबर १९२६ च्या रात्री अगाथा ख्रिस्ती घरातून मोटार घेऊन निघाल्या आणि नाहीशा झाल्या. सकाळी मोटार सापडली, न्यूलँड्स कॉर्नर नावाच्या जागी, खाणीच्या अलीकडे. आत फरचा कोट. हजाराच्या वर पोलीस, त्यांच्या मागे हजारो हौशी शोधकरी, वरून विमानं. रहस्यकथा लिहिणारी बाई रहस्यकथेत शिरलेली. अशा वेळी साक्षात शेरलॉक होम्सच्या जनकानं, कॉनन डॉयलसाहेबांनी काय करावं? भिंग घ्यावं, चिखलातले ठसे पाहावेत, सिगारची राख हुंगावी? त्यांनी बाईंचा एक हातमोजा मिळवला आणि परलोकाशी संपर्क असलेल्या एका माध्यमाच्या हाती नेऊन दिला. कोकणात गुरवाकडे जाऊन देवाला कौल लावतात तसंच, फक्त नारळ नाही.

बाई सापडल्या अकरा दिवसांनी, हॅरोगेटच्या एका उंची हॉटेलात. नोंदवहीत नाव ‘मिसेस टेरेसा नील, केपटाऊन’. नील हे नवऱ्याच्या मैत्रिणीचं आडनाव. अकरा दिवस त्या ब्रिज खेळत होत्या, नाचत होत्या, आणि आसपासचे पाहुणे ज्या वर्तमानपत्रांत तोंड खुपसून बसले होते त्यांच्या पहिल्या पानावर त्यांचाच फोटो होता. शेवटी हॉटेलच्या वाद्यवृंदातल्या वादकांनी ओळखलं. स्मृतिभ्रंश झाला होता असं घरच्यांनी जाहीर केलं. बाईंनी स्वतः आत्मचरित्रात या अकरा दिवसांबद्दल अवाक्षर लिहिलं नाही.

हे इंग्लंडात चालतं. याच बाई महाबळेश्वरच्या एखाद्या घरगुती लॉजवर उतरल्या असत्या, तर पहिल्या सकाळच्या पोह्यांच्या आत निकाल लागला असता.

‘कुठल्या तुम्ही?’

‘केपटाऊन.’

‘अय्या! आमच्या नणंदेचे दीर तिकडंच असतात. केपटाऊनात कुठं?’

‘जरा… बाहेरच्या बाजूला.’

‘नील म्हणजे मूळचे कुठले हो तुम्ही? ते दुसरे नील, मोटारीचे शौकीन, त्यांच्यातले का?’

‘नाही, आमचे वेगळे.’

‘आणि मिस्टर नाही आले?’

या शेवटच्या प्रश्नापुढं स्मृतिभ्रंश टिकत नाही. होम्सनं वॉटसनला पहिल्या भेटीत ‘तुम्ही अफगाणिस्तानात होतात’ असं सांगितल्याचं जगाला केवढं कौतुक! आमच्याकडची कुठलीही मावशी अफगाणिस्तान तर ओळखतेच, वर तिथं पगार किती होता, प्रॉव्हिडंट फंड मिळाला का आणि लग्नाचं अजून का जमत नाही, हे भिंगाशिवाय काढून घेते.

आमचा स्वतःचा सगळ्यात मोठा हरवलेला माणूस पानिपतावरचा. १४ जानेवारी १७६१ ला सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले. शव मिळालं, ओळख पटली, अग्नी दिला, असं सांगणारे होते; पण ते पुण्यात पुष्कळांना पटलं नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर सौभाग्यलेणं शेवटपर्यंत उतरवलं नाही. जागा रिकामी राहिली, की ती भरणारा कुणीतरी येतोच. सुखनिधान नावाचा एक कनोजा ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणत पुढं आला. पकडला गेला, कैदेत पडला, आणि १७७६ मध्ये रत्नागिरीच्या सुभेदारानं, रामचंद्र नाईक परांजप्यांनी, त्याला बाहेर काढून चक्क डोक्यावर घेतलं. बघता बघता फौज जमली, कोकणातले किल्ले हाताखाली आले. मुजरा करणाऱ्यांतल्या बहुतेकांनी खऱ्या भाऊंना जन्मात पाहिलं नसणार. ते बरंच झालं, ओळख पटवायला त्यामुळं अडचण आली नाही. शेवटी तो पुणे दरबारच्या हाती लागला, चौकशी झाली, पंचांनी तोतया ठरवला आणि त्याच वर्षी त्याला देहदंड झाला. पुढं न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटकच लिहिलं. मला त्या तोतयापेक्षा त्याच्यामागून गेलेल्यांचं नवल वाटतं. पंधरा वर्षं झाली होती. पण रणात पडले, हे उत्तर कुणाला आवडलेलंच नव्हतं.

म्हणून म्हणतो, इतिहासाकडून आणि शेजाऱ्यांकडून आपण रहस्य घेतो. उत्तर हवं असलं की अनामत भरून वाचनालयात जातो. तिथं शेवटच्या प्रकरणात सगळे संशयित दिवाणखान्यात बसलेले मिळतात आणि धनंजय उठून उभा राहतो.

धनंजय म्हणजे बाबूराव अर्नाळकरांचा. बाबूरावांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. धनंजय आणि छोटू, झुंजार, काळापहाड ही मंडळी त्यांनी उभी केली आणि दोन-तीन पिढ्यांना शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात दुसरं पुस्तक घालून वाचायला शिकवलं. त्यांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, म्हणजे लेखकच पहिल्यापासून वेषांतरात. त्यांचं गिरगावात चष्म्याचं दुकान होतं. होम्सच्या हातात एक भिंग. बाबूरावांकडं दोन-दोन भिंगांच्या जोड्या, काडीसकट. समीक्षकांना मात्र त्यांतल्या एकाही चष्म्यातून बाबूराव दिसले नाहीत. पुढं गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला, सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास आला. भुतांचं खातं नारायण धारपांनी सांभाळलं. समीक्षक कवितासंग्रहच उघडून बसले होते.

मला कोडं पडतं ते वेगळंच. काळ्या बुरख्यातला माणूस, रात्रीची मोटार, निर्जन बंगला, कळ दाबताच सरकणारी भिंत, हे सगळं लिहिलं गेलं गिरगावात. चाळींच्या गिरगावात! जिथं कुणाच्या घरी आज कोणती भाजी हे फोडणीच्या वासावरून अख्ख्या मजल्याला कळतं, तिथून महाराष्ट्राला हजारावर गुपितं पुरवली गेली. विचार केला की पटतं. गुपित घरात ठेवायला जागाच नव्हती, म्हणून ते पुस्तकात गेलं.

एडगर ॲलन पोनं १८४१ मध्ये पहिल्यांदा बंद खोलीतला खून लिहिला आणि तेव्हापासून परदेशी लेखकांनी त्या खोलीचा पिच्छा सोडलेला नाही. दार आतून बंद, खिडकी बंद, आत प्रेत, खुनी गायब. हा खून चाळीत करून दाखवावा. मुळात दार दिवसा बंद नसतंच. बंद केलं तर दहा मिनिटांत कुणीतरी ‘बरं नाही का?’ म्हणून कडी वाजवतं. ‘सीआयडी’ मालिकेतला तो दया वर्षानुवर्षं खांद्यानं दारं फोडून पोट भरत होता, चाळीत त्याची उपासमार झाली असती. बरं, रात्र निवडावी, तर गॅलरीत पथाऱ्या. खुन्यानं बूट हातात घेऊन चार जणांना ओलांडावं, पाचव्यानं कूस बदलून ‘कोण रे, बंड्या का?’ म्हणावं. टोकाच्या सामायिक संडासाशी डबा घेऊन उभे असलेले आजोबा विचारणार, ‘कुणाकडं?’ खुन्यानं दबक्या आवाजात नाव सांगितलं, की आजोबा मोठ्या आवाजात: ‘ते होय! ते गेलेत डोंबिवलीला, भाचीकडं मुंज आहे. परवा येतील. काय निरोप असला तर सांगा, किल्ली आमच्याकडंच असते.’

संपली बंद खोली.

कॉनन डॉयलनं १८९२ मध्ये बंद खोलीवर जो तोडगा काढला, तो तर आमच्याकडच्या पोराटोरांनी हाणून पाडला असता. सावत्र बाप हिंदुस्थानातून आलेला, त्यानं पाळलेला ‘हिंदुस्थानातला सर्वांत विषारी’ साप. तो झरोक्यातून येतो, घंटेच्या दोरावरून उतरतो, मुलीला डसतो आणि शिटी ऐकून बशीतल्या दुधासाठी परत जातो. डॉयलसाहेबांची ही सर्वांत लाडकी कथा. १९२७ मध्ये त्यांनी स्वतः पहिला नंबर तिलाच दिला होता. साप दूध पीत नाही, हे दर नागपंचमीला सर्पमित्र घसा कोरडा करून सांगतात. बत्तीस शिराळ्यातल्या कुणालाही विचारलं असतं, तर त्यानं बशी बघूनच हसून घेतलं असतं. आणि डॉयलसाहेबांनी त्या सापाला जे नाव दिलं, त्या नावाचा साप हिंदुस्थानात नाही. तरी मी ती गोष्ट पुन्हापुन्हा वाचतो, आणि शिटी वाजली की पाय वर घेऊन बसतो.

रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूंनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. त्यातला एक असा, की कथेत गुप्त खोली किंवा गुप्त वाट एकाहून जास्त नसावी. हे वाचून मला नॉक्ससाहेबांची काळजी वाटली. त्यांना कुणीतरी एकदा आमच्या गावाकडं न्यायला हवं होतं. दुसरा नियम, नायकाच्या मित्राची अक्कल सामान्य वाचकाहून किंचित कमी असावी. हा मात्र थोर नियम. वाचकाला आपण हुशार आहोत असं वाटायला कुणीतरी शेजारी लागतो, आणि पुस्तकातला शेजारी निदान उसनी साखर मागत नाही.

लंडनमध्ये २५ नोव्हेंबर १९५२ ला ख्रिस्तीबाईंचं ‘माऊसट्रॅप’ सुरू झालं आणि करोनातली सक्तीची सुट्टी सोडली तर अजून चालू आहे. प्रयोग संपला की प्रेक्षकांना विनंती करतात, खुनी कोण ते बाहेर सांगू नका. आणि लोक सांगत नाहीत! टिप न देणाऱ्या गिऱ्हाइकाला उतरताना टॅक्सीवाला खुन्याचं नाव सांगून सूड घेतो, असा एक किस्सा तिकडं चालतो. म्हणजे त्या शहरात नाव सांगणं ही शिक्षा आहे. आमच्याकडं ती सेवा आहे. मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत मागचा गृहस्थ निरपेक्ष बुद्धीनं म्हणतो, ‘तो डॉक्टर आहे ना, तोच आहे बरं का. मी तिसऱ्यांदा बघतोय.’

वाचनालयाच्या पुस्तकांत हीच सेवा पेन्सिलीनं केलेली असते. माझ्याकडं सध्या असलेल्या एका जीर्ण रहस्यकथेत सतराव्या पानाच्या समासात लिहिलंय: ‘खुनी दिवाणजी.’ मी चडफडत पुढं वाचलं. साठाव्या पानावर दिवाणजींचाच खून झाला. तिथं दुसऱ्या अक्षरात: ‘पहिल्या वाचकाने माफी मागावी. खुनी पुतण्या.’ पुतण्याकडं डोळा ठेवून मी नव्वदाव्या पानावर आलो, तर तो खुनाच्या रात्री नागपूरला होता. समासात तिसरं अक्षर, शाईनं, बहुधा निवृत्त शिक्षकाचं: ‘पुतण्याही नव्हे. अंदाजाने लिहू नये.’ त्याखाली वळणदार बायकी अक्षरात: ‘काका, मग कोण ते सांगा ना.’ आणि त्याखाली पुन्हा शाई: ‘शेवटचे पान फाटलेले आहे.’

अर्थात पान असूनही उत्तर मिळेलच असं नाही. रेमंड चँडलरच्या ‘द बिग स्लीप’वर हॉलिवूडमध्ये चित्रपट बनत होता, १९४६ मध्ये तो पडद्यावर आला. कथेत एका ड्रायव्हरचं प्रेत मोटारीसकट पाण्यात सापडतं. त्याला मारलं कुणी, की त्यानं स्वतः जीव दिला, हे चित्रपटवाल्यांना उमगेना, म्हणून त्यांनी लेखकालाच विचारलं. चँडलर म्हणाला, मलाही माहीत नाही.

तेव्हा समासात लिहिणाऱ्या माझ्या अनाम वाचकबंधूंना आणि भगिनींना हात जोडून विनंती आहे. खुन्याचं नाव लिहायची उबळ आवरत नसेल तर खुशाल लिहा, फक्त पेन्सिलीनं लिहा, आणि लिहिण्याआधी पुस्तक शेवटपर्यंत वाचा. आणि त्या रहस्यकथेचं शेवटचं पान कुणाच्या घरी असेल, तर कृपया वाचनालयात आणून द्या. दंड घेणार नाहीत, मी बोलून ठेवलंय.